उजनी उतरली की वर येणारं जातं: ओस जागांकडे आपण का ओढले जातो?

पाणंद
२ जून, रात्री ९.४०

गेल्या रविवारी पळसदेवला जाऊन आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत भागातली बरीच गावं पाण्याखाली गेली. पळसदेव त्यातलंच. नवं गाव सोलापूर रस्त्यालगत वसलं, जुनं पाण्यात राहिलं. धरणाची साठवण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे तळातलं, वापराच्या हिशेबात न धरलेलं पाणी. त्यामुळे पेपरात 'उजनी शून्यावर' असं छापून येतं तेव्हाही काठावरून बघणाऱ्याला पाणीच पाणी दिसतं. पातळी वजामध्ये, म्हणजे मृतसाठ्यातही, बरीच खाली गेली की मग पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, मग मंडप, मग आवारातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळा.

मी गेली दहा-बारा वर्षं पडके वाडे, बंद कारखाने, ओस वसाहती यांचे फोटो काढत हिंडतो. भोर, सासवड, जुन्नर, तळेगाव, बरंच पाहून झालंय. पळसदेवलाही त्याच हिशेबाने गेलो होतो. पहाटे पाचला निघालो, कोवळ्या उन्हात देऊळ मिळावं म्हणून.

देवळापाशी आम्ही तिघं कॅमेरे लावून उभे. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, पायाखाली शिंपले करकर वाजत होते. तेवढ्यात एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, हातात काठी. देवळाच्या कोपऱ्याला हात लावला आणि तिथून पावलं मोजत चालायला लागले. मोजणं मोठ्याने चाललेलं. चाळीसच्या आसपास थांबले, डावीकडे वळले, एका काळ्या खोडापाशी गेले. लिंबाचं होतं, पाण्याखाली चाळीसहून जास्त वर्षं काढलेलं. तिथून पुन्हा बारा-पंधरा पावलं. मग काठीने गाळ उकरायला लागले.

मी जवळ गेलो तर जोत्याचे दगड दिसायला लागले होते. "हा उंबरा," ते म्हणाले. मग आत, म्हणजे जिथे आत होतं तिथे, दोन पावलं टाकली आणि खाली बसले. "आन् हितं जातं."

जात्याची खालची तळी होती. गाळाने भरलेली. मधल्या खिळीच्या भोकात एक शिंपला अडकून बसला होता. त्यांनी अंगठ्याने कडेचा गाळ काढला, हळूहळू, गोल फिरवत. दगडाला टाकी लावल्याच्या खुणा अजून हाताला लागत होत्या. मीही हात लावून पाहिला.

माझ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "देवळाचा समदेच काढत्यात. ह्याचा काढा. आईला दाखवायचाय. तिनं ह्याच्यावर दळलंय." आई पंच्याऐंशीच्या पुढची, नव्या गावात असते, गाळात चालणं तिला शक्य नाही. मी फोटो काढला, प्रिंट आणून देतो म्हणून सांगितलं.

परत येताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही. इतकी वर्षं मी 'ओस' म्हणून ज्या जागा पाहिल्या त्यांतल्या प्रत्येक जागेत असा कुणीतरी पावलं मोजणारा असणार. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. आता वाटतं की जागा रिकामी का झाली, तिथलं कोण कुठे गेलं, हे कळेपर्यंत ती जागा पाहिली असं म्हणू नये.

तुमचे अनुभव लिहा. तुम्ही का जाता अशा ठिकाणी? आणि ज्यांनी अशी जागा सोडली आहे त्यांनी तर नक्की लिहा.

---

मुठाकाठ
२ जून, रात्री १०.१५

वाचून थांबलो. जात्याचा फोटो इथेही टाका.

---

पाणंद
२ जून, रात्री १०.२२

आधी त्यांच्या आईला दाखवतो, मग त्यांना विचारून टाकतो.

---

कसब्यातली
३ जून, सकाळी ७.०५

माझा जन्म पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्यातला. बारा बिऱ्हाडं. लग्न होईपर्यंत तिथेच राहिले, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

चौकात हौद आणि एक नळ. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद आणि उभा, की कळशी कमरेवर घेऊन चढताना भिंतीला कोपर घासायचं. आईच्या उजव्या कोपरावर कायमचा काळा डाग होता. संडास मागच्या बोळात, रांग लावून. पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन पातेली गळतीखाली आणि एक चुलीवर. लोक आता महिरपींचे आणि तुळशीवृंदावनाचे फोटो टाकतात, त्यात कुणाचं कोपर नसतं.

वाडा पडायला मालक वाईट किंवा भाडेकरू वाईट असं काही नव्हतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. आमचं भाडं शेवटपर्यंत दोन आकडी होतं. त्यात मालकाची कौलंसुद्धा येत नव्हती, मग तो दुरुस्ती कशी करणार? आणि दुसऱ्याच्या भिंतीला पैसे घालायची भाडेकरूची ऐपत नव्हती. पुढे मालकांच्या घरात सात वारस झाले, प्रॉपर्टी कार्डावर नावं वाढत गेली, सह्या जमेनात. एक पावसाळा मागच्या भिंतीचा, दुसरा जिन्याचा. मग महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली.

सोडताना आईला रडू आलं नाही. नव्या फ्लॅटमध्ये तिने पहिल्यांदा स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि बराच वेळ तसाच वाहू दिला, हात धरून उभी राहिली. मला वाड्यातलं काय आठवतं म्हणाल तर ते.

तुमचं लेखन मनापासून आवडलं. फक्त रिकाम्या वाड्याच्या सौंदर्याबद्दल लिहाल तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकाही लिहा.

---

पाणंद
३ जून, सकाळी ८.३०

कसब्यातली, हे मी विसरणार नाही. माझ्याकडे कसब्यातल्या जिन्यांचे निदान तीस फोटो आहेत. भिंतीवर कोपराच्या उंचीला गुळगुळीत झालेला पट्टा त्यातल्या दोनात स्पष्ट दिसतो. मला तो आजवर प्रकाशाचा खेळ वाटत होता.

---

सागवान
३ जून, दुपारी १.५०

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे थोडं तांत्रिक.

लोक विचारतात, दोनशे वर्षं उभा असलेला वाडा रिकामा झाल्यावर दहा वर्षांत कसा बसतो? उत्तर असं की तो दोनशे वर्षं आपोआप उभा नव्हता. दर मृगाआधी शाकारणी व्हायची, म्हणजे कौलं उतरवून, फुटलेली बदलून पुन्हा रचायची. माकडाने किंवा मांजराने एक कौल सरकवलं तर घरातलं कुणीतरी त्याच दिवशी वर चढायचं. घर बंद झालं की ते एक कौल तसंच राहतं. पहिल्या पावसाळ्यात पाणी वाशावर, दुसऱ्यात तुळईच्या टोकावर.

आणि घात त्या टोकाशीच होतो. तुळईचं टोक भिंतीत पुरलेलं असतं, तिथे वारा लागत नाही. ओल धरते, वाळवी लागते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, आतलं टोक भुसा झालेलं असतं. भिंतींचं जोतं दगडी, वर विटा, पण बऱ्याच वाड्यांत जोडणी मातीची आणि बाहेरून फक्त चुन्याचा गिलावा. गिलाव्याला भेग गेली की आतली माती पावसात धुपत राहते. मग पिंपळ येतो. आम्ही पिंपळ वरून छाटत नाही, मुळासकट काढायला पाहिजे, नाहीतर तो दुप्पट जोराने फुटतो.

आणखी एक. चुलीचा धूर. रोज सकाळ-संध्याकाळ धूर वर जाऊन कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, बसायचा. काळं व्हायचं, पण किडीला ते मानवत नाही. गॅस आला, माळे स्वच्छ झाले, आणि माझ्या पाहण्यात तरी वाळवीच्या तक्रारी वाढल्या.

कुणाचं गावाकडे बंद घर असेल तर एवढं करा: मे महिन्यात एक दिवस जा, कौलं बघून घ्या, दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, भिंतीतली पिंपळाची रोपं बोटभर असतानाच उपटा. मोठा खर्च पुढची दहा वर्षं टळेल.

---

कसब्यातली
३ जून, दुपारी २.२०

शाकारणी! हा शब्द किती वर्षांनी ऐकला. त्या दिवशी आम्हा मुलांना वाड्यात जेवायला मिळायचं नाही, सगळ्या घरात धूळ. शेजारच्या वाड्यात पंगत बसायची.

---

आडवाट
३ जून, संध्याकाळी ६.१०

एक विनंती सगळ्यांना. बंद वाड्याचा पत्ता टाकू नका.

आमच्या ओळखीतल्यांचा सासवडजवळ एक बंद वाडा आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मागच्या खिडकीतून आत जाऊन व्हिडिओ केला, वर 'भुताचा वाडा' असं नाव दिलं, खाली नकाशा. तीन महिन्यांत ओटीवरच्या दोन महिरपी आणि देवघराची चौकट करवतीने कापून नेली. जुन्या सागाला भाव आहे, कोरीव असेल तर फारच. मी पुढचे चार-पाच महिने दर बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारत होते, चौकट दिसते का बघायला. नाही मिळाली.

त्या घरातल्या एक बाई तिथेच बाळंतपणात गेल्या होत्या. त्यांच्या नातीने तो 'भुताचा' व्हिडिओ पाहिला.

---

पाणंद
३ जून, संध्याकाळी ६.४५

पूर्ण मान्य. धाग्यावर हा नियम धरू: सरकारी किंवा सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणं सोडली तर नेमका पत्ता नाही. आणि भुताखेतांचं इथे नको.

---

घाटवाट
४ जून, सकाळी ९.००

मुंबई-पुणे वाटेवरच्या बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन कुणी धाग्यात आणलं नाही म्हणून लिहितो. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा एका सलग चढात गाडी वर नेणं जमणारं नव्हतं. म्हणून मध्ये एक ठाणं. गाडी तिथे येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ. १९२९ साली मार्ग बदलला, बोगदे काढून सरळ चढ मिळाला आणि ते ठाणं संपलं.

मला त्या जागेची ओढ आहे ती वेळेमुळे. दर गाडीला तिथे सक्तीची विश्रांती होती. पुण्याला येणारा प्रत्येक माणूस त्या कड्यावर थांबून खालचं कोकण बघत असणार, त्याची इच्छा असो वा नसो. मी उभा राहिलो की मला ते सगळे खिडक्यांतून बाहेर बघणारे चेहरे डोळ्यांपुढे येतात.

तिथला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा. वाहतुकीला अडचण होती हे खरं. पण त्याच्या कमानीखालून एसटी गेली की वडील म्हणायचे, 'आलं आपलं पुणं.' आता कुठे म्हणायचं ते ठरत नाही.

---

नाणेघाटी
४ जून, सकाळी ११.३०

जुन्नरचा आहे, सध्या पोटापाण्यासाठी पिंपरीत. सुरुवातीच्या लेखात पडक्या-ओस जागांच्या यादीत जुन्नरचं नाव वाचलं आणि मनाला लागलं.

जुन्नर ओस नाही. मावळलेलं म्हणा हवं तर. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल नाणेघाटाने चढून आमच्याकडे यायचा, घाटात जकातीचा दगडी रांजण आजही आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, कारण तेवढे दान देणारे व्यापारी इथे होते. पुढे जुन्नरी कागद नावाजलेला होता. पेशवाईत कागद करणारे जुन्नरहून पुण्यात आले, कसब्यात कागदीपुरा वसला तो त्यांचा.

आता हमरस्ता नारायणगावातून जातो, टोमॅटोचा बाजार तिकडे, नव्या शोरूम तिकडे. आम्ही आत राहिलो. माझ्या वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी गावात सहा उरलीत. पेठेत संध्याकाळी आठला शटरं पडतात. वडिलांचं कापडाचं दुकान आहे, ते साडेआठपर्यंत दिवा लावून बसतात. का, तर समोरच्या औषधवाल्याला एकटं वाटू नये म्हणून.

गाव रिकामं होणं हे धरणासारखं एका दिवसात दिसत नाही. आधी इंग्रजी शाळेसाठी एक घर जातं, मग दवाखान्यासाठी, मग नोकरीसाठी. शेवटी गणपतीला मांडव घालायला पोरं मिळेनाशी होतात तेव्हा कळतं.

तर कृपा करून या, पण आमच्या पेठेचा फोटो काढताना वडिलांच्या दुकानाचा दिवा चालू असलेला काढा.

---

पाणंद
४ जून, दुपारी १२.१५

नाणेघाटी, माफ करा. चुकीचं लिहिलं. पुढच्या वेळी आठनंतर येईन आणि दुकानात बसेन.

---

सोसायटीतला
४ जून, रात्री ११.०५

वय २४, वाकडला वाढलो. माझं असं काहीच हरवलेलं नाही. आजोबांचं गाव नाही, वाडा नाही. तरी मला अशा जागा ओढतात. गेल्या वर्षी धनुष्कोडीला गेलो होतो, १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात गेलेलं गाव. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, आत वाळू. तिथे एक मासेवाली बाई शंख विकत बसली होती. मी दोन तास त्या भिंतीला टेकून बसलो आणि मला रडू आलं. कशासाठी ते कळलं नाही. कुणी सांगू शकेल?

---

कसब्यातली
५ जून, सकाळी ६.५०

बाळा, तुमच्या सोसायटीच्या जागी आधी काय होतं ते कधी विचारलंस का? वाकड आमच्या लहानपणी शेतीचं गाव होतं. तुमच्या पार्किंगच्या जागी कुणाचीतरी विहीर असेल. तुझ्या पिढीला पडक्या भिंतीही मिळाल्या नाहीत, सगळं एकदम नवीनच हातात आलं. आधी इथे कुणी होतं हे भिंत बघितल्यावर पहिल्यांदा कळतं, म्हणून भरून येत असेल. मला असं वाटतं. एकदा गावठाणात जाऊन म्हाताऱ्यांशी बोल.

---

नारायणपेठी
५ जून, सकाळी १०.४०

वय ७६. मुलगी टाइप करून देते आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी शाळेत होतो. आमचं घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला. सागवान यांनी लिहिलं ते खरं आहे, मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या आणि पाणी ओसरल्यावर बसल्या. म्हणजे पुराने घर पडलं नाही, पूर गेल्यावर पडलं. आम्ही संध्याकाळी लांबून बघत होतो. आवाज फार नाही झाला. पोतं ठेवल्यासारखा.

नंतर गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल खोल्या मिळाल्या. उन्हाळ्यात तापायच्या. पण शेजार सगळा पेठेतलाच, त्यामुळे हाक मारली की ओळखीचं कुणीतरी ओ द्यायचं.

नदीकाठची ती जागा बघायला मी जातो अजून. तिथे काहीच पडकं नाही, सगळं बांधलेलं आहे, दुकानं आहेत. मी एका झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा राहतो. तिथे आमची न्हाणी होती.

---

मावळतीर
५ जून, रात्री ८.२५

पळसदेवच्या त्या काकांना निदान उन्हाळ्यात उंबरा भेटतो. आमचं मुळशीचं. पणजीचं माहेर धरणाखाली गेलं. वीज कंपनीचं धरण, वीज मुंबईसाठी. १९२१ पासून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला, धरण झालंच. घरात पणजीची एक ओळ चालत आलेली आहे: 'माहेरचा रस्ता बुडाला, तेव्हापासून मी सणाला इथंच.' गौरी आवाहनाला आमच्याकडे अजून एक पाट धरणाच्या दिशेला मांडतात. का मांडतात ते मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं, हा धागा वाचून आत्याला फोन केला तेव्हा कळलं.

---

भटक्या१२
६ जून, सकाळी ८.००

पळसदेवला या शनिवारी जाता येईल का? गाडी कुठपर्यंत जाते? बोट मिळते का?

---

पाणंद
६ जून, सकाळी ८.४०

गाडी काठाच्या बरीच अलीकडे लावा, पुढे चालत. गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत मऊ असतो, म्हणून आधीच्या पावलांच्या वाटेवरूनच चाला आणि मच्छीमारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वारा सुटलेला असेल तर बोटीत बसू नका. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यानची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट नसेल तर सरळ नाही म्हणा. आणि वरच्या धरणांतून पाणी सुटून दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीत येणारं पाणी, वाढला की पातळी झपाट्याने चढते. घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाला असेल तर बेत पुढच्या वर्षावर टाका.

---

पाणंद
२३ जून, रात्री १०.१०

प्रिंट देऊन आलो. उशीर झाला, मध्ये पाऊस लागला होता.

मोठी प्रिंट काढली होती, पेपराच्या अर्ध्या पानाएवढी. आजी ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब केला, पुन्हा जवळ घेतला. खिळीच्या भोकावर बोट ठेवलं. शिंपला काय आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "ही खालची. वरची आपुन आणली व्हती की."

काकांना आठवेना. ते तेव्हा पंधरा वर्षांचे, बैलगाडीबरोबर पुढे गेले होते. आजींचं म्हणणं, खालची जमिनीत रोवलेली होती, निघेना, आणि पाणी वेशीपर्यंत आलं होतं. वरची त्यांनी आणि सासूने उचलून गाडीत घातली. "मग कुठंय?" काका. "तुला ठावं. तूच कायतरी केलंस घर बांधताना."

आम्ही दोघं घराला वळसा घालून मागे गेलो. न्हाणीच्या बाहेर पाण्याची काळी टाकी, चार दगडांवर ठेवलेली. चौथा दगड गोल होता. टाकी रिकामी करून, कलती धरून तो बाहेर काढला. धुतला. खुंट्याचं भोक मातीने बुजलेलं होतं, ते काकांनी खिळ्याने मोकळं केलं. टाकीखाली वीट सरकवली आणि दगड उचलून ओसरीवर आणला. चांगलाच जड.

आजींनी त्यावर हात फिरवला आणि फोटो शेजारी ठेवायला सांगितला.

तिकडे पळसदेवला पाणी चढायला लागलंय, जोतं आता दिसत नसणार. काकांची परवानगी घेतली आहे. दोन्ही फोटो खाली जोडतो.